पायथॉनमध्ये मराठी शब्द शोधताना

एका स्ट्रिंगमध्ये (म्हणजे मजकुराच्या तुकड्यात) दुसरी स्ट्रिंग आहे का, एवढंच विचारायचं असेल तर ‘इन’ वापरा. ‘फाइंड’ फक्त जागा हवी असेल तेव्हा. मजकूर सापडला नाही की फाइंड उणे १ देतं आणि अगदी सुरुवातीलाच सापडला तर ०. म्हणून ‘इफ’पुढे नुसतं फाइंड लिहिलं की अर्थ उलटतो: उणे १ खरं ठरतं, ० खोटं. हेच उणे १ स्लाइसमध्ये, म्हणजे जागा सांगून मजकूर कापताना, गेलं तर आणखी वाईट. स्वल्पविरामापर्यंतचा भाग कापायचा आहे आणि ओळीत स्वल्पविरामच नाही, अशा वेळी शेवटचा कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक सुटं चिन्ह) गळून पडतो. मराठीत ती बऱ्याचदा एखादी मात्रा असते, आणि एरर काही येत नाही. तिथे खुणेपाशी मजकूर तोडून देणारं ‘पार्टिशन’ वापरा, किंवा ‘इंडेक्स’. खूण नसेल तर इंडेक्स निदान व्हॅल्यूएरर देऊन थांबतं. रिकामी स्ट्रिंग मात्र कुठल्याही स्ट्रिंगमध्ये सापडते, तेव्हा शोधशब्द रिकामा नाही ना हे आधी तपासा.

इथवरचं कुठल्याही भाषेच्या मजकुराला लागू आहे. मराठीची खरी अडचण पुढे आहे: डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द पायथॉनला वेगळा असतो.

‘दऱ्या’ घ्या. ऱ हा एकच कोडपॉइंट (०९३१) असू शकतो, साधा र आणि नुक्ता (खालचं टिंब) अशी जोडी असू शकते, किंवा र, हलंत आणि अदृश्य झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे जोडणारं चिन्ह) टाकूनही तेच रूप उमटवता येतं. पहिली दोन रूपं ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझला एनएफसी (युनिकोडचं ठरावीक, जोडलेलं रूप) सांगितलं की एक होतात. तिसरं होत नाही. मग झेडडब्ल्यूजे सरसकट काढून टाकायचा मोह होतो, पण तसं केलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातलं शोधताना समुद्र हाती लागतो. क्रम पाळा: आधी एनएफसी, मग र-हलंत-झेडडब्ल्यूजे या त्रयीच्या जागी ऱ-हलंत, आणि त्यानंतरच उरलेले झेडडब्ल्यूजे व झेडडब्ल्यूएनजे (जोड टाळणारं तसंच अदृश्य चिन्ह) काढा.

‘ॲप’चंही तसंच. ॲ हा स्वतंत्र कोडपॉइंट (०९७२) आहे, पण बराच मजकूर अ आणि चंद्र असा दोन तुकड्यांत टाइप केलेला सापडतो. एनएफसी याला हातही लावत नाही. ‘रिप्लेस’ स्वतः लिहावं लागतं. ऑ हा आ आणि चंद्र असा लिहिलेला असेल तर त्यालाही तोच उपाय.

ही सगळी सफाई एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि शोधशब्द व मजकूर दोन्ही त्यातूनच काढा. एकच बाजू साफ केली तर काही उपयोग नाही. सफाईनंतर लांबी बदलते, म्हणून फाइंडने दिलेली जागा मूळ मजकुरावर लावू नका. रंगवून दाखवायचं असेल तर साफ केलेलाच मजकूर दाखवणं सोपं.

आता पूर्ण शब्दाचा शोध. ‘मत’ हे ‘किंमत’मध्येही सापडतं, म्हणून बहुतेक जण नमुन्यावरून (पॅटर्नवरून) शोधणारं ‘आरई’ मॉड्यूल आणि शब्दसीमेची खूण, म्हणजे बॅकस्लॅश बी, यांच्याकडे वळतात. इथे मराठीत हमखास फसगत होते, कारण आरई मात्रांना आणि हलंताला शब्दातलं अक्षर मानत नाही. दोन्ही बाजूंना ती खूण लावून ‘घर’ शोधलं तर ‘घरात’ सापडतं, कारण र आणि काना यांच्यामध्ये त्याला सीमा दिसते. ‘घरी’ शोधलं तर पुढे मोकळी जागा असलेला ‘घरी’ सापडत नाही, पण ‘घरीच’मधला सापडतो! ‘रीजेक्स’ हे वेगळं पॅकेज मात्रा शब्दातच धरतं. ते बसवता येत असेल तर तेच घ्या. नाहीतर शब्दाच्या आधी लुकबिहाइंड (मागचं बघणारी अट) आणि नंतर लुकअहेड (पुढचं बघणारी अट), दोन्ही नकारात्मक, लावून शेजारी देवनागरी कोडपॉइंट नको अशी अट घाला. ०९०० पासूनच्या १२८ जागांचा ब्लॉक पुरतो, फक्त त्यातून दंड आणि दुहेरी दंड (०९६४, ०९६५) वगळा. नाहीतर दंडाला चिकटलेला शब्द हुकेल. शोधशब्द वापरकर्त्याकडून येत असेल तर पॅटर्नमध्ये घालण्याआधी तो ‘आरई डॉट एस्केप’मधून काढा, कारण त्यातला एखादा सुटा कंससुद्धा पॅटर्न मोडतो.