"ह्यो हात पोरीचा नाय"

ऐरोलीतल्या एका शाळेत मी अवॉर्ड लीडर आहे, म्हणजे एका पुरस्कार उपक्रमात भाग घेणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करते. प्रिन्स फिलिप यांनी 1956 साली ब्रिटनमध्ये सुरू केलेला 'ड्यूक ऑफ एडिनबरा' पुरस्कार आपल्याकडे 'इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल' या नावाने चालतो. चौदा वर्षं पूर्ण झाली की ब्रॉन्झसाठी, म्हणजे पहिल्या पातळीसाठी, नाव देता येतं. सेवा, कौशल्य, खेळ आणि साहसप्रवास असे चार विभाग. स्पर्धा कुणाशीच नाही. मुलांनी स्वतः काहीतरी ठरवायचं, आठवड्याला तासभर नेमाने करायचं आणि ऑनलाइन रेकॉर्ड बुकमध्ये लिहायचं. प्रवास सोडून बाकीच्या विभागांना तीन-तीन महिने, त्यातल्या एकाला आणखी तीन.

दिवा कोळीवाड्यातल्या एका मुलीने कौशल्यासमोर लिहिलं होतं, 'कोळी संस्कृती समजून घेणे.' मी विचारलं, "सहा महिन्यांनी माझ्यासमोर काय आणून ठेवशील?" ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "टीचर, माझे आजोबा जाळं विणतात. मला कुणी शिकवलंच नाही."

मग ठरलं. आधी फाटलेलं जाळं सांधायला शिकायचं, नंतर वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं, नवं विणायचं. शिकवणार आजोबा. पण घरच्या माणसाला मूल्यमापक होता येत नाही, म्हणून धक्क्यावरच्या एका वयस्कर नाखवा काकांना विनंती केली.

सुरुवातीच्या नोंदी अशा: 'आज जाळे विणले. एक तास.' पुढच्या आठवड्यालाही तेच वाक्य चिकटवलेलं. अशा नोंदी मी परत पाठवते. त्यांची भाषा सुधारून देत नाही, फक्त विचारते, आज कुठे अडलं? हळूहळू तिचं लिहिणं बदललं. 'सुईवर दोरा भरताना पीळ पडला, सगळा सोडवावा लागला.' 'गाठ अंगठ्याने दाबून ओढली नाही तर सरकते आणि घर मोठं होतं.' घर म्हणजे जाळ्यातलं भोक. हे वाचताना मला तिचा अंगठा दिसायचा. मुलांच्या नोंदी वाचण्याचं काम मला आवडतं ते यासाठीच.

शेवटच्या मूल्यमापनाला मी धक्क्यावर गेले. काकांनी जाळं मांडीवर घेतलं आणि ओळीओळीने बोटांनी चाचपत निघाले. पहिल्या ओळी ढिल्या, पुढे गाठी आवळत गेलेल्या. काका मान डोलावत होते. मध्येच थांबले. त्याच चार ओळी पुन्हा चाचपल्या, घरांत दोन बोटं घालून माप पाहिलं.

"ह्यो हात पोरीचा नाय."

तिचा चेहरा उतरला. त्या ओळींतल्या गाठी एकसारख्या होत्या, घरं अगदी मापात. चाचणी परीक्षेच्या दोन आठवड्यांत आजोबांनी त्या विणून दिल्या होत्या आणि रेकॉर्ड बुकात दोन्ही आठवड्यांचे तास तिच्या नावावर होते.

मी तिला रागावले नाही. नात मागे पडू नये म्हणून आजोबांनी सुई हातात घेतली, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण त्या नोंदी तशाच राहू देणं मला मान्य नव्हतं. परीक्षेसाठी, आजारपणासाठी आठवडे चुकतात, तेवढी मुदत पुढे नेता येते. रिकाम्या आठवड्याने कुणाचं अवॉर्ड अडत नाही. खोट्या तासामुळे मात्र त्या अंगठ्याच्या नोंदीवरही कुणी संशय घेतला असता, आणि ती तिची खरी कमाई होती.

तिने तिथेच फोन काढला आणि दोन्ही नोंदी काढून टाकल्या. मग काकांना विचारलं, "त्या ओळी कापू का?"

"र्‍हाऊ दे, त्या आज्याच्या. खाली तुझ्या चार विण. मंग बोलव."

त्या दिवशी त्यांनी अहवाल दिला नाही. नवीन ओळी झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. काका बोलत गेले, मी टाइप करत गेले आणि शेवटी त्यांना वाचून दाखवलं: 'गाठ बसते. घर अजून जरा लहानमोठं येतं. फाटलेलं जाळं हिच्याकडे सांधायला द्यायला हरकत नाही.' तोच मजकूर, एक शब्दही न बदलता, मी अपलोड केला.