शब्दकार्डं: 'सिअर', सुकं आणि खुष्की

एकेका शब्दाचं मूळ आणि नातलग कार्डावर टिपतो, त्यात गेले दोन आठवडे एकाच कार्डावर अडकलोय. शब्द 'सिअर', इंग्रजीतला जुना. वाळून कोळ झालेलं पान, जीव गेलेलं गवत, यांचं विशेषण. आता तो कवितेपुरताच उरलाय. रोजच्या वापरात भेटतो तो तव्यावर, चटका देऊन भाजायच्या क्रियापदात. शब्द तोच, अर्थ वाळण्याकडून होरपळवण्याकडे सरकला.

सुरुवातीलाच माती खाल्ली. परिस्थितिकीशास्त्रातही एक 'सिअर' आहे: उघड्या खडकावर आधी दगडफूल, मग शेवाळ, गवत, झुडपं, शेवटी जंगल, अशी जी मालिका लागते ती. झाडांचाच मामला म्हणून दोन्ही एका कार्डावर टाकले. पण हा निघाला लॅटिनमधल्या 'जोडणे, ओवणे' अशा धातूचा, म्हणजे 'सिरीज'चा भाऊ. कार्ड फाडलं.

आपल्या 'सिअर'मधला र मुळात स. जर्मॅनिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, काही ठिकाणी स मऊ होऊन पुढे र झाला. इंग्रजी 'वॉज' आणि 'वेअर' ही जोडी त्यातलीच. र च्या जागी स ठेवला आणि सगळं गणगोत समोर आलं. लिथुएनियन 'सौसस' म्हणजे कोरडा, आणि तिथे जानेवारीचं नावच 'सौसिस'. रशियन 'सुखोय'. संस्कृत 'शुष्क'. यातला पहिला श सुद्धा मुळात स. पुढच्या ष ने त्याला आपल्याकडे ओढलं. पुरावा अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातल्या 'हुश्क'चा, कारण संस्कृत स तिकडे ह होतो, सिंधू-हिंदूसारखा.

इथे मी खुर्चीतून उठलोच. त्या इराणी शाखेतून फारसी 'खुश्क', आणि तिथून आपली 'खुष्की'! प्राकृत 'सुक्क'वरून आलेलं घरचं 'सुकं' आणि फारसीतून आलेला 'खुष्कीचा मार्ग', म्हणजे कोरड्या जमिनीवरचा, एकाच मुळाचे. घशाला पडणारा 'शोष'ही शुष् धातूचाच, आणि 'शोषण'ही.

मराठीची वाटणी मात्र इंग्रजीपेक्षा बारीक आहे. फूल कोमेजतं, पान वाळतं, पीक करपतं, झाड वठतं. 'फूल वठलं' म्हटलं तर कुणीही हसेल. पुढचं कार्ड 'वठणे'.

आणि हो, 'सुकाळ' या गठ्ठ्यात घालू नका. तो सु अधिक काळ. मी घातला होता.