तुम्ही विचारलंत म्हणून: पावती कोल्हापूरची का?

निपाणीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरच्या काचेखाली कोल्हापूरच्या ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ या अपंगांसाठीच्या संस्थेची देणगीची पावती असते. ती बघून महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, “मामा, आपण कर्नाटकातले. पैसे तिकडं कशाला पाठवता? इथं कोण गरजू नाहीत व्हय?”

आहेत की. माझ्याच दुकानात येतात.

मी 1976 चा. दोन वर्षांचा असताना ताप आला. ताप उतरला आणि उजवा पाय लुळा पडला. पोलिओचे थेंब सरकारी लसीकरणात आले 1979 ला. वर्षाभराची चुकामूक. 1981 ला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, तेव्हा आई मला काखेत मारून भाकरी पोचवायला जायची. घरात मी हातात चपला घालून सरपटायचो.

पुढं मिरजेहून पायाला आधार देणारा कॅलिपर आला. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी कडी. उभं राहिलं की कडी खाली पडून खट्ट वाजायची, बसताना ती वर ओढायची. तंबाखूची धूळ बसली की अडकायची, मग आई खोबरेलाचा थेंब सोडायची. हायस्कुलाचा वर्ग माडीवर होता. तो खाली आणावा असं कुणाच्याच मनात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

म्हणून तर ही पावती. नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी चाकाच्या खुर्चीवर आल्या, कस्टम्स-एक्साइजमध्ये नोकरी केली आणि 1984 ला ही संस्था उभी केली. कोल्हापूरजवळ उचगावला ‘घरौंदा’ वसतिगृह झालं, ‘समर्थ विद्यामंदिर’ झालं. त्या शाळेत अपंग आणि धडधाकट पोरं एकत्र शिकतात. पुढं सिंधुदुर्गात काजूचं काम काढलं, हाताला रोजगार मिळावा म्हणून. मी तिथं कधी राहिलो नाही. तिशीत एकदा ओळखीच्या माणसाबरोबर सहज गेलो होतो. उतारावरून एक पोरगी खुर्ची भन्नाट सोडत आली आणि माझ्यावरच खेकसली, “ओ काका, बाजूला व्हा की!” माझ्या पायाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. परत येताना एसटीत मी एकटाच हसत होतो.

राहिला सीमेचा प्रश्न. निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटर, जिल्ह्याचं बेळगाव जवळजवळ दुप्पट. सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्रातलं कागल. अपंग पेन्शनची अर्जी मात्र नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयात, तीही कन्नडमध्ये. ती मी लोकांना भरून देतो, माझं कन्नड त्यातच सुधारलं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले, त्यामुळं कागद वाढले आणि माझं गिऱ्हाईकही. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, तेवढं देशभर चालतं. माझी पेन्शन बेंगळुरूची, कॅलिपर मिरजेचा. देणगीलाच हद्द कशाला?

परवा असंच विचारून एकजण तिथंच घुटमळत राहिला. पाच मिनिटांनी हळूच म्हणाला, “मामा, माझी पुतणी आहे, नऊ वर्षांची.” झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर पत्ता लिहून दिला. कोल्हापूरच्या स्टँडवरून उचगावला कसं जायचं, तेही.