एकच आकडा का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. “हे जेल नेमकं किती स्ट्रेसला, म्हणजे किती ताण दिल्यावर, वाहायला लागतं? एक आकडा सांग ना.” मी म्हणते, कसं मोजलं त्यावर आहे. मग मी टाळतेय असा समज होतो. मी टाळत नाही.

आकडा निघतो. र्‍हिओमीटरचा (जेल फिरवून त्याचं वाहणं मोजणाऱ्या यंत्राचा) वेग उतरवत नेला की ताण आणि वाहण्याचा वेग यांना जोडणारं 1926 चं हर्शेल-बल्कली समीकरण मोजलेल्या बिंदूंवर सुरेख बसतं आणि यील्ड स्ट्रेस, म्हणजे वाहणं सुरू होण्याचा ताण, हाती येतो. मीही तो वापरते. पण एकदा पारदर्शक सिलिंडरांच्या फटीत जेल भरून, त्यात बारीक कण मिसळून आत पाहिलं. आतला सिलिंडर एकाच वेगाने फिरत होता. त्याच्यालगतच्या थरातले कण सरकत होते. बाहेरच्या भिंतीकडचे जागचे हलत नव्हते. मधली सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. स्क्रीनवर मात्र एकच स्वच्छ शिअर रेट (थर एकमेकांवरून सरकण्याचा दर), जो त्या फटीत कुठेच धड लागू नव्हता. सीमा तासन्‌तास बाहेर सरकत राहिली आणि शेवटी सगळं जेल वाहू लागलं. हे बैठकीत दाखवलं तर उत्तर आलं, “सरासरी काढा आणि पुढे चला.” ते अजून सलतं. जे पाहायला हवं होतं, तेच सरासरीत बुडत होतं.

जेलच्या स्वतःच्या कणांच्या दाटीत प्रत्येक कण शेजाऱ्यांच्या कोंडाळ्यात अडकलेला असतो. ताण वाढला की मूठभर कण एकदम घसरतात, त्यांचा भार आजूबाजूला पडतो, तिथलं कोंडाळं सुटतं. वाहणं म्हणजे अशा घसरणींची साखळी. ती सगळीकडे एकाच क्षणी का सुरू व्हावी?

शिकत असताना मी बार्न्स आणि वॉल्टर्स या संशोधकांच्या 1985 च्या दाव्याच्या बाजूने तावातावाने भांडायचे: यील्ड स्ट्रेस नाहीच, पुरेसं थांबा, सगळं वाहतं. 2009 मध्ये मोलर, फॉल आणि बॉन यांनी दाखवलं की कमी स्ट्रेसला दिसणारी ती व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा विरोध), जितका जास्त वेळ मोजाल तितकी वाढतच जाते. ते स्थिर वाहणं नव्हे. मला ते पटलं. तरी तेव्हाची मी विचारेलच, “पण त्यांनी तरी किती वेळ मोजलं?” तिला गप्प करणारं उत्तर माझ्याकडे नाही.

आकडा हवा तर घ्या. त्याच्या शेजारी एवढं लिहा: भिंत गुळगुळीत होती की खरबरीत, मोजण्याआधी जेल किती वेळ निवांत होतं, आणि वेग चढवत मोजलं की उतरवत.