इस्त्री केलेला अ‍ॅप्रन

न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्स येथे, मी गेली आठ वर्षे प्रौढांना इंग्रजी शिकवते. ७४व्या रस्त्यावर आपल्याकडच्या साड्यांची, मिठाईची आणि किराणा मालाची दुकाने आहेत. तेथून रूझवेल्ट अव्हेन्यूने थोडे पुढे गेले की सगळीकडे स्पॅनिश ऐकू येऊ लागते. माझे बहुतेक विद्यार्थी मेक्सिको, एक्वादोर आणि कोलंबिया येथून आलेले आहेत.

गेल्या हिवाळ्यातील एका मंगळवारी, मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातील एक पन्नाशीचे गृहस्थ वर्ग सुरू होण्यापूर्वीच येऊन बसले होते. ते एका बेकरीत काम करत. त्यांच्या मांडीवर धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेला पांढरा अ‍ॅप्रन होता. ‘‘माएस्त्रा, मला कामावरून काढले आहे,’’ ते म्हणाले. ‘‘कशासाठी, ते मला अजून कळले नाही.’’

घडले ते असे. त्यांच्या मुलीला कॉलेजची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि ही बातमी त्यांनी जुळवलेल्या इंग्रजीत सुपरवायझरला सांगितली. त्यावर तो मोठ्याने म्हणाला, ‘‘गेट आउट ऑफ हियर!’’ हे ऐकून ते निमूटपणे घरी निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलेच नाहीत. त्यांच्या वहीत, माझ्याच सांगण्यावरून, ‘गेट आउट’च्या समोर ‘सालीर’, म्हणजे बाहेर जाणे, असे लिहिलेले होते. ती ओळ वाचून मला फार अपराधी वाटले.

त्यांच्या फोनवर सुपरवायझरचा निरोपही आला होता. त्यांच्या परवानगीने तो मी सर्वांना ऐकवला: ‘‘आय डोन्ट गेट इट. व्हेअर डिड यू गेट टू? गेट बॅक टू मी.’’ तीन छोट्या वाक्यांत ‘गेट’ तीन वेळा, आणि तिन्ही वेळा अर्थ निराळा! पहिले वाक्य ‘मला काही कळत नाही’, दुसरे ‘तुम्ही गेलात कुठे?’ आणि तिसरे ‘मला उलट फोन करा’. यांतील शेवटच्या वाक्यातून त्यांनी ‘परत’ एवढेच उचलले होते, आणि बेकरीचा अ‍ॅप्रन परत मागितला आहे असे समजून तो रात्री धुतला होता.

फळ्यावर मी आधीच लिहून ठेवलेली यादी पुसून टाकली. ‘गेट’ला स्पॅनिश प्रतिशब्दांची यादी जोडून शिकवण्याची पद्धत सोयीची असली तरी चुकीची आहे, असे माझे त्या दिवसापासून ठाम मत झाले. हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ मिळवणे. वस्तू हाती येते तेव्हा ‘गेट’, माणूस एखाद्या ठिकाणी पोहोचतो तेव्हा ‘गेट’, मन एखाद्या गोष्टीच्या आशयापर्यंत जाते तेव्हाही ‘गेट’, आणि एक अवस्था संपून दुसरी सुरू होते तेव्हाही तोच. मी फळ्यावर फक्त एक बाण काढला: येथून तेथे.

पुढचे विद्यार्थ्यांनीच मला समजावले. अवस्था बदलली की स्पॅनिश भाषा आधी विचारते, बदल कोणत्या प्रकारचा? माणूस घटकाभर अस्वस्थ झाला तर ‘पोनेर्से’. त्याचा स्वभावच पालटला, तो वेडा झाला, तर ‘बोल्बेर्से’. कष्टाने श्रीमंत झाला तर ‘आसेर्से’. ऐकू येईनासे होऊन बहिरा झाला तर ‘केदार्से’. इंग्रजीत अस्वस्थ होण्यालाही ‘गेट’ आणि श्रीमंत होण्यालाही ‘गेट’ चालून जातो, म्हणून त्याला एकच जोडीदार शोधणारा स्पॅनिश माणूस गोंधळतो. मला आपले ‘लागणे’ आठवले. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, दार लागते आणि शेवटी जावेही लागते. परक्या माणसाला याचा एक अर्थ मी कोणता सांगणार?

राहिले ते ‘गेट आउट ऑफ हियर’. आनंदाची बातमी ऐकून तुम्ही मित्राला ‘नो मे दिगास’, म्हणजे ‘मला सांगू नकोस’, असे म्हणता, तेव्हा तो बोलायचे थांबतो का, असे मी विचारले. मराठीत आम्ही ‘चल, काहीतरीच!’ म्हणतो, पण कोणी उठून चालू लागत नाही. ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘मे कायो एल बेइन्ते.’’ वीसचे नाणे पडले. मेक्सिकोत सार्वजनिक फोनमध्ये वीस सेंताव्होचे नाणे पडले की संभाषण सुरू होई, त्यावरून एकदम उमगण्याला तिकडे असे म्हणतात.

त्यांनी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. डोक्यावरच्या पुलावरून सात नंबरची मेट्रो गाडी धडधडत गेल्यामुळे सुरुवातीचे काही ऐकू आले नाही, पण शेवटचे वाक्य स्पष्ट ऐकू आले: ‘‘ओके, आय गॉट इट.’’ आत येऊन त्यांनी विचारले, ‘‘माएस्त्रा, हे ‘गॉट’ म्हणजे ‘मला समजले’ असेच ना?’’ मी होकार दिला. पहाटे चारला त्यांची पाळी सुरू होणार होती. त्यांनी अ‍ॅप्रन घडी न मोडता पिशवीत ठेवला आणि वही उघडली.