अंध माणसं आमच्या साइटवर येतात तरी किती?

हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो, म्हणून लिहिते. परळला बाहेरगावच्या कॅन्सर पेशंटांच्या राहण्याची आणि औषधांची सोय करणाऱ्या एका छोट्या संस्थेची वेबसाइट मी दर रविवारी सांभाळते. इतर संस्थांतली मंडळी भेटली की विचारतात, अंध माणसं येतात तरी किती, साइट त्यांना वापरता यावी म्हणून एवढा खटाटोप कशाला?

किती येतात ते आकड्यांत दिसत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा माणूस भेटींच्या नोंदीत वेगळा ओळखू येत नाही. आला, काही कळेना म्हणून दहा सेकंदांत परत गेला, तर तो तुमच्या लेखी कुणीतरी सहज डोकावून गेलेला. आम्हालाही कळलं नसतं. माहीमच्या एका निवृत्त सरांनी फोन केला म्हणून कळलं. त्यांची दृष्टी गेलेली आहे. म्हणाले, "देणगी द्यायचीय, पण तुमच्या पानावर नुसतं 'इमेज, इमेज' ऐकू येतं."

देणगीच्या पानावर क्यूआर कोडचं चित्र होतं आणि बाकी काहीच नव्हतं. त्याखाली यूपीआय आयडी, खातं क्रमांक आणि आयएफएससी कोड साध्या मजकुरात टाकायला मला दहा मिनिटं लागली. तीन वर्षं ते कुणी केलं नव्हतं.

मग मी सरांच्या घरी जाऊन त्यांच्याशेजारी बसून आमची साइट ऐकली. त्यांच्याकडे एनव्हीडीए आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने 2006 मध्ये सुरू केलेला हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही वाचतो. मदतीच्या अर्जाची पीडीएफ उघडली आणि 'रुग्णाचे नाव'च्या जागी सुटी इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम असं काहीतरी खडखडू लागलं. अर्ज जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी लिहितो त्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत नाही. अशा फाँटमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, आणि यंत्र आतलं वाचतं. तुमच्याही संस्थेत डीटीपीवाल्याने करून दिलेले असे अर्ज असतील, तर त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. मराठी उतरलं नाही, तर तो अर्ज सरांसारख्या कुणालाही वाचता येणार नाही, आणि त्यातले शब्द शोधून गुगललाही सापडणार नाहीत. आम्ही सगळा अर्ज नव्याने टाइप केला. दोन रविवार गेले.

फिकट करड्या अक्षरांचं तर मला फार वाईट वाटतं. साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान 4.5 ला 1 असावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे; आमचा त्याच्या निम्माही नव्हता. आणि ती अक्षरं वाचणार कोण, तर टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर भर उन्हात, तडा गेलेल्या मोबाइलवर धर्मशाळेचा पत्ता शोधणारा नातेवाईक. त्याचे डोळे धड असले तरी त्याला ते दिसत नाही.

कायद्याचं विचाराल, तर दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 चा आहे. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध माणसांनी दाद मागितली होती: केवायसीसाठी पापण्या मिटून दाखवा म्हणतात, त्या आम्ही कशा दाखवायच्या?

सुरुवात कुठून करायची असेल, तर अंध माणसाला माउसचा बाण दिसत नाही, म्हणून तुम्हीही माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅबच्या कळीने तुमचा देणगीचा फॉर्म शेवटपर्यंत भरून पाहा. आमचा तिसऱ्याच रकान्यात अडकला होता.

गेल्या महिन्यात सरांनी देणगी भरली, कुणाचीही मदत न घेता. दुसऱ्या दिवशी फोन आला. "अगं, पैसे पोचले ना? पावती आली, पण ती पुन्हा इमेजच आहे." करसवलतीसाठीची ती पावती आम्ही सही-शिक्का मारून, स्कॅन करून पाठवतो. या रविवारी ती घेऊन बसणार आहे.