दोन रंग भेटतात तिथं

शनिवार, रात्री

दुपारी कूलरसमोर विणायची चौकट मांडून बसले होते. शेजारच्या काकू डोकावल्या. "काय करून राहिली वं? गोधडी काय?" म्हटलं, नाही, भिंतीवर लावायचं आहे. "मंग एवढी मेहनत कायले?"

एम्प्रेस ही कापडाची मिल १८७७ साली सुरू झाली, तेव्हापासून नागपुरातल्या प्रत्येक हातमागाला हा प्रश्न ऐकावा लागला असणार. आता मिलच्या जागेवर मॉल आहे. काकूंना मी फक्त चहा दिला.

माझं सामान अगदी साधं. चार पट्ट्या, वर-खाली खिळे, त्यांवर सुती दोऱ्याचा ताणा, म्हणजे उभे ताणलेले दोरे. माझी लोकर ताण्याला चालत नाही, ओढ बसली की ती लांबते. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, इतवारी बाजारातून आणलेली लोकर आणि जुन्या सुती साड्यांच्या चिंध्या. बाणा इकडून तिकडे नेणारा धोटा नाहीच, दाभणानं भागतं. ओळ दाबायला स्वयंपाकघरातला काटा. बाणा सरळ ओढला की दोन्ही कडा आत यायला लागतात, म्हणून ओळ कमानीसारखी सैल टाकायची आणि मग दाबायची. नीट दाबली की ताणा पूर्ण झाकला जातो, दिसतो तो फक्त रंग.

पण खरी मजा दोन रंग भेटतात तिथं. पिवळा ज्या दोऱ्यापाशी मागं फिरतो, त्याच्या शेजारच्या दोऱ्यावरून निळाही फिरला, की ओळीमागून ओळ मध्ये उभी फट पडत जाते. लहान असली तर छान दिसते, लांबली की कापड तोंड वासतं. मग दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परतवायचे. सांधा पक्का होतो, फक्त तिथं जरा जाड लागतं. किंवा वळण दर ओळीला एकेक दोरा सरकवायचं, म्हणजे रेघ तिरपी होते आणि फट उरतच नाही. आज तसंच केलं, थोडं पुढं, मग थोडं मागं, तर चक्क दाते पडले.

आजीच्या करवतकाठीचे दाते! कपाटातून साडी काढून उजेडात धरली. टसर रेशमाचं अंग, काठाला करवत. हे काम इकडच्याच, नागपूर-भंडाऱ्याच्या विणकरांचं. त्याला तीन धोटे लागतात: दोन काठांचे, एक अंगाचा. दर ओळीला काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवायचा, म्हणून एकाचा रंग दुसऱ्यात शिरत नाही. लग्नाकार्यात कितीदा नेसले असेन ही साडी, नजर मात्र कायम पदरावर. आज उलटी बाजू बघत बसले, भात करपेपर्यंत.

पिवळा संपत आलाय. आमच्या मिरवणुकीतल्या पुतळ्यासारखा, पिवळ्या मारबतीसारखा भडक हवा, हळदी नको. नव्या गुंड्याचा रंग थोडा वेगळा निघणार, कारण रंगवायचा घाणा वेगळा. उरलेला जुना आत्ताच वापरून टाकायचा नाही, एक ओळ जुनी, एक नवी असं वरपर्यंत न्यायचं. सोमवारी इतवारी.